दोन भाकरींचा कागद

भाऊ,

तेराव्याला लोकांनी तुझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं. बाजार समितीतले दोघेतिघे उभे राहिले, एकानं घसा खाकरून सांगितलं की तू फार मनमिळाऊ होतास. मी मागे बायकांच्यात बसले होते. पदरानं तोंड झाकलं ते रडू लपवायला नाही, हसू लपवायला. मनमिळाऊ? तू? बारा वर्षं शेजारच्या आबांशी गटारावरून अबोला धरणारा माणूस तू. चहात साखर कमी पडली म्हणून आलेल्या पाहुण्यासमोर कप परत आत पाठवणारा. जाऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल लोक बोलतात तसं बोलले ते. मी नाही बोलणार तसं. मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि ते आधीच सांगून टाकते.

चिडलेली तर मी गेल्या वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपासून, आपल्या आखाजीपासूनच होते. पण तो राग वेगळा होता. तो मी चांगला जपून, कडी लावून ठेवला होता, आणि तू एखाद्या दिवशी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्यास की खाली ठेवून द्यायचा असं ठरवलं होतं. तू लिहिल्या नाहीस. मार्केट यार्डात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. आता तो राग कुठे ठेवू ते सांग. आणि त्याच्यावर हा नवा राग येऊन बसलाय, तेराव्यानंतरचा, त्याचं काय करू तेही सांग.

सुरुवात तुझ्या त्या चक्करेपासून झाली. भाऊबीजेला मी जळगावहून आले तेव्हा तू ओट्यावर बसून मला खोटं खोटं हसून दाखवत होतास, आणि वहिनीनं आत नेऊन हळूच सांगितलं, मार्केटात पडले होते, डॉक्टर म्हणाले रक्तदाब लई वाढला, पंधरा किलो वजन उतरवा नाहीतर हृदयाचं काही खरं नाही. चौऱ्याण्णव किलो होतास तू. ओवाळून झालं, पाटावरून उठता उठता तू माझ्या हाताला धरून उठलास, आणि म्हणालास, "नले, तू शाळामा पोरींले शिकाडस ना काय खावं काय नही? मंग माले शिकाड."

मला किती बरं वाटलं होतं, तुला कल्पना नाही. वीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवतेय मी. घरात कुणी माझा शब्द मोजला नव्हता. नवऱ्याला माझं शिक्षण म्हणजे लोणचं घालायची परीक्षा वाटते. आणि तू, ज्यानं मला शिकायला पाठवलं, तू माझ्यासमोर वही घेऊन बसलास. बापाशी, नानांशी तू तेव्हा भांडला होतास माझ्यासाठी. मला ते वाक्य अजून पाठ आहे. "भाकर थापनाऱ्या बठ्ठ्या शेतस, कागद लिखनारी एक तरी व्हऊ द्या घरमा." नाना दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, जेवलेही नव्हते. तू शांतपणे माझी ट्रंक सायकलला बांधलीस आणि एसटी स्टँडवर नेऊन ठेवलीस. एवढं केलंस आणि उभ्या आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नाहीस. हे पण एक डोक्यात जाणारंच होतं तुझं. माणसानं कधीतरी बोलून दाखवावं, म्हणजे समोरच्याला 'हो रे बाबा' म्हणता येतं.

तर मी कागद लिहिला. झोकात लिहिला. पुस्तक उघडून, पट्टीनं रकाने आखून. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी दोन भाकरी, एक वाटी वरण, एक वाटी भाजी, काकडी. संध्याकाळी तेच. शेंगदाणे बंद, शेव बंद, वरून घ्यायचं कच्चं तेल बंद. दिवसाला अठराशे कॅलरी. तू विचारलंस, कॅलरी म्हणजे काय, दिसते का. मी म्हटलं, दिसत नाही पण मोजता येते. तुझे डोळे लकाकले. मोजता येतं म्हटल्यावर तुझा विश्वास बसला. आधी तू जेवणाला तीन-तीन भाकरी खायचास, वर ठेचा आणि तेलाची धार. दोन म्हणजे तुला उपासच वाटला असणार, पण तू हूं की चूं केलं नाहीस. कणकेची खळ करून कागद चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवलास आणि वहिनीला म्हणालास, "नलीनं दोन लिखेल शे, दोन म्हंजे दोन."

आणि मग तुझी पोस्टकार्डं सुरू झाली. अरे, काय ती पोस्टकार्डं! दर सोमवारी सकाळी मार्केट उघडायच्या आधी तू काट्यावर उभा राहायचास. ज्या काट्यावर गहू-बाजरीची पोती चढतात त्याच्यावर. आणि लिहायचास: "वजन ९२॥. अनवाणी. खिसे रिकामे. उपाशीपोटी. हमालास दाखवून घेतले." खाली सही. ना कशी आहेस, ना मुलं कशी आहेत. आमच्या पोस्टमनला वाटायचं तू धान्य पाठवतोस मला. एकदा विचारलं त्यानं, बाई, माल कधी उतरणार?

संक्रांतीला एकोणनव्वद झालास. मी शाळेत पेढे वाटले, ठाऊक आहे तुला? मुख्याध्यापिकांनी विचारलं कशाबद्दल, मी म्हटलं, भावाचं वजन उतरलं. 

इथपर्यंत सगळं छान होतं. इथून पुढे आपलं वाजलं. कारण मी तुला लिहिलं की आता ताट थोडं कमी करायचं. दोनाच्या ठिकाणी दीड. तुझं उलट टपाली कार्ड आलं, आणि पहिल्यांदा त्यावर वजनाशिवाय काही होतं. "पोरगं पास झालं तर त्याला पेढा देतात का छडी?"

मी तीन पानी पत्र लिहिलं. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला कमी इंधन लागतं, चौऱ्याण्णव किलोच्या माणसाला जे पुरत नव्हतं ते एकोणनव्वदच्या माणसाला पुरून उरतं, म्हणून दर चार-पाच किलोला आकडा पुन्हा बसवावा लागतो, नाहीतर वजन तिथंच ठाण मांडतं. तुला कळावं म्हणून बैलगाडीचा दाखला दिला. भरल्या गाडीच्या बैलाला चारा जास्त, रिकाम्या गाडीच्या बैलाला कमी. मला वाटलं, काय सुंदर समजावलं आपण! तुझं कार्ड आलं, एका ओळीचं. "नले, गाडी खाली व्हयनी, पन बैल तं तोच शे. त्याले भूक तितलीच लागस."

मी त्या कार्डावर इतकी चिडले की फाडायला घेतलं आणि मग ठेवून दिलं. कारण तू म्हणत होतास ते खरं होतं. पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण खरं होतं. हे मी तुला कबूल करायला हवं होतं. नाही केलं. शिक्षिकेची खोड, उत्तर बरोबर असलं तरी पद्धत आपली नाही म्हणून गुण द्यायचे नाहीत.

पण तू ऐकलंस. कुरकुरत का होईना, दीड केलीस. भिंतीवर नवा कागद चिकटवलास. आणि वजन उतरायचं थांबलं.

अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. मग पुन्हा सत्त्याऐंशी. मग साडेसत्त्याऐंशी. मी आकडे पुन्हा पुन्हा मांडले. डाळीची वाटी केवढी, ते विचारलं. तेल किती चमचे, ते विचारलं. चहा किती वेळा, ते विचारलं. तू मुकाट्यानं उत्तरं दिलीस. भाकरी किती, दीड. नक्की? नक्की. मी तिसरा कागद पाठवला, दुपारी दीड आणि संध्याकाळी एकच. तीन आठवडे गेले. सत्त्याऐंशी. अनवाणी. खिसे रिकामे.

माझी झोप उडाली रे. डॉक्टरनं एकोणऐंशी सांगितले होते आणि तू सत्त्याऐंशीवर पाय रोवून बसलेला. मला तुझं काही होईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू, पण त्याच्याइतकीच दुसरी एक गोष्ट होती. माझा कागद खोटा पडत होता. आयुष्यात एकदा कुणीतरी माझ्या शिक्षणावर विसंबलं होतं आणि ते शिक्षण चालत नव्हतं. मग मी काय केलं असेल? शिकलेली माणसं करतात तेच. पुस्तक बरोबर आहे म्हणजे माणूस खोटा आहे, असं ठरवून टाकलं.

आखाजीला आले तेव्हा मी घरी गेलेच नाही. एसटीतून उतरले ती पिशवीसकट थेट मार्केट यार्डात. तू टोपी घालून काट्याशी उभा होतास, हमाल पोती चढवत होते आणि तू वजन पुकारत होतास. मला पाहून किती खूश झालास! "अरे, मनी माय उनी!" म्हणालास. मी म्हटलं, भाऊ, काट्यावर उभा राहा. तू हसलास. मी हसले नाही. चपला काढून तू चढलास. पावणेअठ्ठ्याऐंशी.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, तू खोटं बोलतोस. अडीच भाकरींवर माणूस वाढत नसतो. तू इथं भजी खातोस, नाहीतर कचोरी खातोस, आणि मला कार्डावर दीड आणि एक लिहून फसवतोस."

हमाल थांबले. मला ते सगळं आता स्पष्ट दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं तू तिथं मापाडी. शेतकरी तुझ्या हातून माप व्हावं म्हणून थांबून राहायचे. व्यापारी म्हणाला एक, शेतकरी म्हणाला एक, तर मधे तुझा शब्द चालायचा. पोत्याला नुसता हात लावून तू किलो सांगायचास आणि काट्यावर पाव-अर्धा किलोचा फरक यायचा. त्या माणसाला त्याच्याच काट्यावर उभं करून मी खोटारडा म्हटलं. तू तोंड उघडलंस. काहीतरी बोलणार होतास. मला नक्की आठवतं, ओठ हलले तुझे. मग मिटलेस. खाली उतरून चपला घातल्यास आणि म्हणालास, "बरं."

नुसतं बरं. भांडायचं ना! गटारावरून बारा वर्षं भांडलास, इथं का नाही भांडलास? दोन शिव्या घातल्या असत्यास, चालती हो म्हणाला असतास, तर मी रडले असते, तू रडला असतास, वहिनीनं दोघांना चहा दिला असता आणि मिटलं असतं. तू 'बरं' म्हणून मला घरी घेऊन गेलास. माझी पिशवी उचललीस. पुरणाच्या मांड्यांवर तूप वाढायला लावलंस मला. आणि सोमवारपासून पोस्टकार्ड बंद.

मी तीन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं. "पत्र पोचले. सर्व ठीक." वजन नाही. मला ते 'सर्व ठीक' वाचून असा संताप आला! राखी पोस्टानं पाठवली, पहिल्यांदाच. धुळं काय विलायतेत आहे? सकाळी बसले असते तर दुपारच्या जेवणाला तुझ्याकडे. पण म्हटलं, खोटं तो बोलला, मी का वाकू. पोळा गेला, गणपती बसले, आणि एका दुपारी शाळेच्या शिपायानं येऊन सांगितलं की धुळ्याहून फोन आहे.

आता तेराव्यानंतरचं सांगते. म्हणजे मी का पेटलेय ते तुला कळेल.

पाहुणे गेले. तुझ्या मुलीनं वहिनीला आपल्या घरी चल म्हटलं, ती गेली नाही. मी म्हटलं, मी थांबते आठवडाभर. तोवर घरात शेजारपाजारचं जेवण येत होतं. पंधराव्या दिवशी सकाळी वहिनी उठली, परात घेतली आणि तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा भाकरी थापायला बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची. मी चुलीपाशी बसले होते लाकडं सारत.

तुला एक गोष्ट सांगू? लग्न झाल्यापासून मी तुझ्या घरी भाकरी खाल्लेलीच नाही. माहेरवाशीण आली की गव्हाचं. पोळ्या, मांडे, शेवया. चार दिवस राहिले तर चारही दिवस पोळ्या. पहिल्या दिवशी मी म्हणायचे, वहिनी, भाकरी कर गं, आणि ती म्हणायची, लोक काय म्हनतीन, नणंदले भाकर वाढी! त्यामुळे तुझ्या ताटातली रोजची भाकरी मी पंचवीस वर्षांत पाहिलेली नव्हती. जळगावला मी माझ्या गॅसवर थापते ती भाकरी माहीत, आणि पुस्तकातली माहीत.

वहिनीनं गोळा घेतला. मला वाटलं दोन भाकऱ्यांचा घेतला. तिनं सगळा एकाच भाकरीला लावला. थापत गेली, थापत गेली. परातीच्या कडेला भाकरी टेकली. तव्यावर टाकली तर तव्याबाहेर आली, आणि जाड, बोटाच्या पेरभर.

मी म्हटलं, "वहिनी, एवढी मोठी?"

तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, "हात बठेल शे आते. पयले इतली नव्हती. तुम्ही कागदवर भाकर कमी करेत, का मी परातमा जराशी मोठी थापू. दिनभर पायवर उभा राहनारा मानूस, एक भाकरवर कसा राही? कागद तं मोडता येस नही. तुमना भाऊ म्हनेत, नलीना कागद शे."

भाऊ, मी तिथं बसल्या बसल्या हसले, मग लाकडं सारायची विसरले. तिला काहीच वाटत नव्हतं. तिनं कागद तंतोतंत पाळला होता. दोन म्हणजे दोन, दीड म्हणजे दीड. आकडा माझा, माप तिचं.

दुपारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी एक अख्खी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. म्हटलं, ही जरा मोजून द्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, पांढऱ्या लुगड्यातल्या बायका नुकत्याच दुखवट्याला येऊन गेल्या होत्या त्या घरची बाई म्हणून बिचारा काही बोलला नाही. मोजली. दोनशे साठ ग्रॅम. माझ्या पुस्तकातल्या भाकरीला चाळीस ग्रॅम पीठ लागतं, भाजून ती साठ ग्रॅम भरते. ही एक म्हणजे माझ्या चार, आणि वर तुकडा. तुझ्या अडीच म्हणजे माझ्या दहा-अकरा. मी अठराशेवरून चौदाशेवर आणला म्हणून मिरवत होते, आणि तू पहिल्या दिवसापासून सत्तावीसशेच्या खाली उतरलेला नव्हतास. सुरुवातीला उतरलं ते तेल-शेंगदाणे सुटले म्हणून. पुढे वजन थांबणारच होतं. कुणाच्या बापाचंही उतरलं नसतं.

मी एवढी शिकलेली, डाळीची वाटी केवढी हे विचारलं, चमचा केवढा हे विचारलं. भाकरी केवढी, हे विचारलं नाही. भाकरी म्हणजे भाकरी, त्यात काय विचारायचं! मुलींना वर्गात ओरडते मी, प्रमाण लिहा, प्रमाण लिहा, आणि स्वतःच्या भावाच्या कागदावर नुसतं 'दोन' लिहिलं.

पण हा माझा मूर्खपणा झाला. तुझं काय? तुझ्यावर मी आता खरी चिडलेय ती इथे. पोत्याला हात लावून किलो सांगणारा माणूस तू. ती भाकरी रोज तुझ्या हातात यायची. तुला कळलं नाही म्हणतोस? दुसऱ्या कागदानंतर भाकरी जड झाली, तिसऱ्यानंतर आणखी जड झाली, आणि तुझ्या हाताला ते कळलं नाही? जा, दुसऱ्या कुणाला सांग! तुला पहिल्याच दिवशी कळलं. अख्ख्या मार्केटचं माप करत होतास, आणि आपल्या ताटातल्या भाकरीचं केलं नसशील यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही.

आणि म्हणून यार्डात तू तोंड उघडून मिटलंस. आता समजलं मला. सांगायचं म्हणजे बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं. हमालांसमोर, माझ्यासमोर, की माझी बायको भाकरी मोठी करते. तू मला ओळखत होतास ना, मी लगेच घरी जाऊन वहिनीला धारेवर धरलं असतं. तिच्या हातची भाकरी फडक्यात बांधून मोजली असती. तिला रडवलं असतं. म्हणून तू खोटारडा झालास. पस्तीस वर्षांची पत एका 'बरं'मध्ये टाकून दिलीस. अरे, पण मला एकटीला सांगायचं! पोस्टकार्डावर लिहायचं, "भाकर मोठी शे, वहिनीले बोलू नको." दोन आण्याची अक्कल लागते याला. किंवा अर्धी ठेवून उठायचंस. तिनं वाढलेलं ताटात टाकून उठवलं नाही तुला, हो ना? आणि बैलाला भूक होतीच. तेही होतं त्यात, लपवू नकोस. बायकोची माया आणि तुझी भूक, दोघांनी मिळून माझा कागद खाल्ला.

आठ-दहा किलो उतरले असते तर तू असतास का, मला माहीत नाही. डॉक्टरही छातीठोक सांगणार नाही. पण हा प्रश्न आता माझ्या घरात राहायला आलाय, आणि त्याला हाकलून लावता येत नाही.

आता शेवटचं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी भिंतीवरचा कागद खरवडत होती. खळ चांगली धरली होती, निघत नव्हता. खरवडता खरवडता माझ्याकडे न बघता म्हणाली, "नलूताई, एक इचारू? खरं सांगशात? त्या भायेर काही खायेत का? मी तं कागद पाहिसन वाढू. मंग वजन काबर उतरनं नही? मार्केटमधला एक जन म्हने, तुम्ही तठे त्यासले बोलनात."

म्हणजे तिच्या कानावर गेलं होतं. इतके महिने तिला वाटत होतं, नवरा माझ्यापासून लपवून बाहेर खातो. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसले तर तू तिच्या मनात कायमचा खोटा. भाकरीचं सांगितलं तर तू खरा, आणि ती उरलेलं आयुष्य रोज परातीसमोर बसून एकच गोष्ट आठवणार. साठीला आलीय ती. भाकरीशिवाय तिला दुसरं काय येतं, आणि दुसरं तिनं तुला काय दिलं?

मी म्हटलं, "नाही वहिनी. तो बाहेर काही खात नव्हता. एक शेंगदाणासुद्धा नाही. कागदच चुकला माझा. आकडेच चुकीचे होते."

तिनं खरवडणं थांबवलं. "तुम्ही तं शिकेल शेतस."

"शिकले, तरी चुकले."

ती म्हणाली, "म्हंजे त्या वरीसभर फुकट उपाशी राहिनात. मी रोज पाहू, अर्धी भाकर हातमा धरीसन बसेत. मांगेत नही. तुमना कागदना पायी." आणि ती रडायला लागली. तेरा दिवसांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. तू गेल्याचं रडू तिला त्या दिवशी फुटलं, आणि ते माझ्या नावानं फुटलं. मी जवळ गेले तर तिनं माझा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर पोचवायला आली नाही. ओट्यावरही आली नाही. तुझ्या मुलीनं काल फोन केला, म्हणाली, आत्या, आई म्हणते दिवाळीला तू येऊ नकोस.

नाही येणार. भाऊबीजेला यायचं तरी कुणाकडे होतं? भाऊ, तू तिच्यासाठी तोंड मिटलंस, तसं मीही मिटलंय. फरक एवढाच, तुझं खरं उशिरा का होईना मला कळलं, माझं तिला कधीच कळणार नाही. माझ्यावर चिडून ती परातीसमोर बसेल आणि बिनघोर भाकरी थापेल. थापू दे तिला, हवी तेवढी मोठी.

— नली